विजेनें पाण्याची परीक्षा



गेल्या वर्षीं आमच्या घरीं पाणी शुद्ध करण्याचें यंत्र विकणारा एक तरुण गृहस्थ आला. बोलण्यांत मोठा आर्जवी. त्यानें स्वयंपाकघरांतील ओट्यावर दोन पेले मांडले. एकांत आमच्या नळाचें पाणी घेतलें, दुसऱ्यांत आपल्याबरोबर आणलेल्या बाटलींतील ‘शुद्ध’ पाणी ओतलें. मग पिशवींतून एक डबी काढली. तिला खालीं धातूच्या कांड्या लावलेल्या होत्या. त्या दोन्ही पेल्यांत बुडवून त्यानें बटण दाबलें. दोन-तीन मिनिटांत आमच्या नळाचें पाणी आधीं पिवळट, मग तांबूस आणि शेवटीं चहाच्या चोथ्यासारखें गढूळ झालें. दुसऱ्या पेल्यांतील पाणी मात्र जसेंच्या तसें राहिलें. “पाहा काका, हें तुम्ही रोज पितां,” असें तो म्हणाला, आणि माझ्या सुनेनें नातवाच्या हातांतला पेला काढून घेतला.

मी मॅट्रिक झालेला, सातवी-आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवून निवृत्त झालेला मास्तर. रसायनशास्त्रांत माझा अधिकार तो कितीसा असणार! पण त्या दोन पेल्यांकडे पाहतांना एक गोष्ट ध्यानांत आली. जी चूक टाळण्यासाठीं युरोपांतील शास्त्रज्ञांनीं पाऊणशें वर्षें खटपट केली, तीच चूक येथें मुद्दाम करून दाखविली जात होती. त्या खटपटीचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. पेल्यांकडे शेवटीं पुन्हां येऊंच.

पाण्यांतून वीज जाते ही गोष्ट जुनीच. परंतु ती किती जाते, हें मोजण्याचें साधन अठराव्या शतकांत कोणाजवळ नव्हतें. विजेची बॅटरी व्होल्टानें १८०० सालीं केली. प्रवाह दाखविणारा कांटा त्यानंतर आणखी वीस वर्षांनीं आला. त्या पूर्वींच्या काळांत लंडनमध्यें हेन्री कॅव्हेंडिश नांवाच्या एका अतिशय श्रीमंत, पण तितक्याच संकोची व एकलकोंड्या गृहस्थानें आपल्या शरीराचाच कांटा केला. कांचेच्या लांब नळ्यांत मिठाचें पाणी भरावयाचें, नळीच्या दोन्ही तोंडांतून तारा आंत सोडावयाच्या, घर्षणयंत्रानें लेडनच्या बरणींत वीज सांठवावयाची, आणि ती नळींतून व आपल्या अंगांतून जाऊं द्यावयाची. मग दुसरें द्रावण भरलेल्या नळींतून तसाच झटका घ्यावयाचा. दोन झटक्यांत कमीअधिक भासलें, कीं एका नळींतील तार पुढेंमागें सरकवून पाण्याच्या स्तंभाची लांबी बदलावयाची. दोन्ही झटके अगदीं सारखे लागेपर्यंत हें चालावयाचें. त्या लांबींच्या प्रमाणावरून दोन द्रावणांच्या वाहकतेचें प्रमाण निघे.

विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशासंबंधीं १७७६ सालीं त्यानें एक निबंध लिहिला, त्यांत हे आंकडे आहेत. लोखंडाची तार पावसाच्या पाण्यापेक्षां सुमारें ४० कोटी पट अधिक चांगली वाहक. तीस भाग पाण्यांत एक भाग मीठ घातलेलें द्रावण पावसाच्या पाण्याच्या १०० पट. आणि मीठ विरघळेनासें होईपर्यंत घातलेलें पाणी ७२० पट. यापुढचें बरेंचसें काम त्यानें छापलेंच नाहीं. तें शंभर वर्षें कागदांत पडून राहिलें. केंब्रिजच्या क्लार्क मॅक्सवेलनें १८७९ सालीं तें प्रसिद्ध केलें, त्या वेळीं नव्या यंत्रांनीं काढलेल्या आंकड्यांशीं त्यानें कॅव्हेंडिशचे आंकडे ताडून पाहिले, आणि ते आश्चर्य वाटावें इतके जुळले. कातडीनें मोजलेले आंकडे! मॅक्सवेल त्या काळांत प्रयोगशाळेंत येणाऱ्या पाहुण्यांनाही कोट काढावयास लावून, पाण्यांत हात बुडवून असे झटके घ्यावयास सांगत असे, अशी आठवण त्याच्या एका सहकाऱ्यानें लिहून ठेवली आहे.

व्होल्टाची बॅटरी हातीं आल्यावर हें काम सोपें व्हावयास हवें होतें. तें उलट अवघड झालें. कॅव्हेंडिशचा झटका क्षणाचा. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेनें सतत वाहतो, आणि द्रावणांत बुडविलेल्या धातूच्या टोंकांशीं उलाढाल सुरू होते. एका टोंकाशीं हायड्रोजनचे बुडबुडे जमतात. दुसऱ्याशीं ऑक्सिजन किंवा क्लोरीन सुटतो, नाहीं तर टोंकाचा धातूच विरघळूं लागतो. जमलेले वायु उलट दिशेचा विद्युद्दाब निर्माण करतात. द्रावणाची घडण पालटते, आणि तें तापतें. एका अंशानें तापलें तरी त्याची वाहकता सुमारें दोन टक्क्यांनीं वाढते. म्हणजे मोजावयास जावें, तों मोजावयाची वस्तूच बदलून जाते. ताप पाहण्यासाठीं लावलेल्या थर्मामीटरनेंच रोग्याला ताप यावा, तसा हा प्रकार. फॅरडेनें १८३४ सालीं ‘आयन’, ‘इलेक्ट्रोड’, ‘इलेक्ट्रोलाइट’ हे शब्द शास्त्राला दिले. परंतु ही अडचण त्याच्याही काळांत सुटली नव्हती.

ती सोडविली फ्रीडरिश कोलराउश या जर्मन शास्त्रज्ञानें. कोलराउशच्या चरित्रांत नाट्य असें फारसें नाहीं. आयुष्याचीं बरींच वर्षें हा मनुष्य मिठाच्या पाण्याचीं भांडीं मांडून बसला, एवढेंच सांगतां येईल. पण मला विचाराल तर या कथेचा खरा नायक तोच. ग्योटिंगेन येथें असतांना १८६९ च्या सुमारास त्यानें व निपोल्ट यानें एका दिशेचा प्रवाह सोडून दिला आणि दिशा सतत पालटणारा प्रवाह द्रावणांत धाडला. अर्ध्या फेऱ्यांत टोंकाशीं जें जमतें, तें उरलेल्या अर्ध्यांत माघारें फिरतें. जमाखर्च शून्य. पुढें इलेक्ट्रोडच्या प्लॅटिनमवर प्लॅटिनमचाच काळा, मखमलीसारखा थर चढविण्याची युक्ति त्यानें वापरली. त्या थरानें पृष्ठभाग कितीतरी पट वाढतो, आणि उरलासुरला उपद्रवही नाहींसा झाल्यासारखा होतो.

आतां दुसरी पंचाईत. उलटसुलट प्रवाह साध्या कांट्याला दाखवितां येत नाहीं. कांटा एकदां इकडे व एकदां तिकडे ओढला जाऊन जागच्या जागीं थरथरतो. ग्रॅहॅम बेलनें १८७६ सालीं टेलिफोनचें पेटंट घेतलें होतें. चार वर्षांच्या आंत कोलराउशनें तो प्रयोगशाळेंत आणला, पण बोलण्यासाठीं नव्हे, गप्प बसण्यासाठीं. प्रवाहाला दोन वाटा करून द्यावयाच्या. एकींत द्रावणाचें भांडें, दुसरींत माहीत असलेला अवरोध, आणि दोन वाटांना जोडणाऱ्या आडव्या तारेंत टेलिफोन. दोन्ही बाजूंचा तोल सारखा नसला, तर कानांत गुणगुण ऐकूं येते. तारेवरची सरकती खूण हलवीत जावें. गुणगुण मंद मंद होत जाते, आणि एके ठिकाणीं थांबते. तेथें आंकडा वाचावयाचा. ज्यांनीं कॉलेजांत हा प्रयोग केला असेल, त्यांना ती शांतता आठवत असेल. कॉलेजांत शिकविणाऱ्या एका स्नेह्याच्या कृपेनें मला ती एकदांच ऐकावयास मिळाली.

उलटसुलट प्रवाहाच्या रीतीनें कोलराउशनें कितीतरी क्षार व आम्लें मोजलीं, आणि १८७६ सालीं एक सुंदर नियम सांगितला. पोटॅशियम क्लोराईड व सोडियम क्लोराईड यांच्या वाहकतेंतील फरक काढा. मग पोटॅशियम नायट्रेट व सोडियम नायट्रेट यांच्यामधील काढा. द्रावणें अतिशय पातळ असलीं, तर दोन्ही फरक सारखेच येतात. म्हणजे प्रत्येक आयन आपल्या चालीनें चालतो. जोडीदार कोण आहे याची त्याला फिकीर नसते.

पाणी स्वतः किती वीज वाहतें, हाही प्रश्न त्याला सोडीना. नळाचें पाणी सोडाच, साधें ऊर्ध्वपातित पाणीदेखील हवेंतील कार्बनिक आम्ल आणि कांचेंतील क्षार शोषून घेतें. १८९४ सालीं कोलराउश व हायडवायलर यांनीं कमी दाबाखालीं बेचाळीस वेळां ऊर्ध्वपातन करून पाणी शुद्ध केलें. तरीही त्यांतून थोडी वीज गेलीच. ती शेवटची थोडी वाहकता पाण्याची स्वतःची होती. कोट्यवधि रेणूंमधून एखादा रेणु आपणहून फुटलेला असतो, तिची. आपल्या नळाच्या पाण्याची वाहकता त्याच्या हजारों पट असते.

आतां कथेंतील कळीच्या जागेला आपण आलों. ठराविक वजनाचा क्षार घ्यावा आणि त्यांत पाणी वाढवीत जावें. क्षार तितकाच आहे, तर त्याची एकूण वीज वाहून नेण्याची शक्ति तितकीच राहावी, असें कोणालाही वाटेल. पण ती वाढत जाते. आजच्या कोष्टकांतील आंकडे घेऊं. २५ अंश उष्णमानावर पोटॅशियम क्लोराईडची तुल्यवाहकता, द्रावण एक दशांश नॉर्मल असतां १२९, शतांश असतां १४१, सहस्रांश असतां १४७. आणि पाणी अमर्याद वाढविल्यास १५० च्या घरांत. शिरक्यांतील ॲसेटिक आम्लाचा प्रकार याहून चमत्कारिक. तेथें याच क्रमानें ५, १६ आणि ४९ हे आंकडे येतात, आणि शेवटची मर्यादा ३९१. पाणी घातल्यानें आम्ल दुबळें व्हावयाचें. तें विजेच्या बाबतींत उलट जोरकस कां होतें?

हा प्रश्न स्वांते आऱ्हेनियस या स्वीडिश तरुणाला पडला. उप्साला विद्यापीठांतून तो १८८१ सालीं स्टॉकहोमला एडलुंड या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत आला होता. त्याचा मूळचा हेतु निराळाच होता. साखरेसारख्या, वाफ न होणाऱ्या पदार्थाच्या रेणूचें वजन वाहकतेवरून काढतां येईल काय, हें त्याला पाहावयाचें होतें. पातळ द्रावणें मोजतां मोजतां तो मूळचा हेतु बाजूला राहिला. १८८३ च्या मे महिन्यांतील १७ तारखेच्या रात्रीं त्याला उलगडा झाला आणि सारा प्रश्न उलगडेपर्यंत आपणांस झोंप आली नाहीं, असें त्यानेंच पुढें सांगितलें आहे. उलगडा असा, कीं द्रावणांतील कांहीं रेणु वीज वाहून नेण्यास समर्थ असतात व कांहीं नसतात. पाणी वाढवावें तसे समर्थांचें प्रमाण वाढतें. ॲसेटिक आम्लाचा ५ हा आंकडा ३९१ शीं ताडून पाहिला, कीं शंभरांतील जेमतेम सव्वा रेणु कामावर आहे असें निघतें. समर्थ म्हणजे आयनांत फुटलेले, हें स्पष्ट विधान त्यानें पुढें १८८७ सालीं केलें.

उप्सालाला परत येऊन त्यानें आपला विचार रसायनाचे प्राध्यापक क्लेव्ह यांच्या कानांवर घातला. क्लेव्ह यांनीं ‘फार मनोरंजक आहे’ असें म्हणून त्याचा निरोप घेतला. १८८४ सालीं आऱ्हेनियसनें फ्रेंच भाषेंतील दीडशें पानांचा प्रबंध परीक्षेस ठेवला, तेव्हां प्रबंधाला चौथ्या प्रतीची श्रेणी मिळाली आणि त्याच्या समर्थनाला तिसऱ्या प्रतीची. विद्यापीठांत अध्यापकाची जागा मिळण्यास ती पुरेशी नव्हती. पंचविसाव्या वर्षीं त्याच्यापुढची वाट बंद झाली.

येथें क्लेव्ह यांना दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. परंतु क्लेव्ह सामान्य मनुष्य नव्हते. होल्मियम व थूलियम या मूलद्रव्यांचा छडा त्यांनींच १८७९ सालीं लावला होता. त्यांच्या मनांतील शंका रास्त होती. सोडियमचा तुकडा पाण्यांत टाकला, तर तो पेट घेण्याइतका खवळतो. क्लोरीन हा हिरवट विषारी वायु. मीठ पाण्यांत पडतांच या दोहोंत सुटें होतें असें म्हणावें, तर आपल्या आमटींतून ज्वाळा कां निघत नाहींत?

ही शंका मला परकी नाहीं. फार वर्षांपूर्वीं आठवीच्या वर्गांत मीं फळ्यावर मिठाचे आयन काढून दाखविले, तेव्हां मागच्या बांकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, मग समुद्राला क्लोरीनचा वास कां येत नाहीं?” तास संपत आला होता आणि उत्तर मला येत नव्हतें. “परीक्षेला हें विचारीत नाहींत, खालीं बैस,” असें मीं सांगितलें. तो बसला. पुढें वर्षभर त्यानें मला एकही प्रश्न विचारला नाहीं. उप्सालाच्या परीक्षकांविषयीं वाचतों, तेव्हां मला तो मुलगा दिसतो. आणि मी कोणत्या बाजूच्या खुर्चीवर बसलों होतों, हेंही दिसतें.

आऱ्हेनियसनें आपला प्रबंध परदेशांतील शास्त्रज्ञांना पाठविला होता. रीगा येथील विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनीं लिहून ठेवलें आहे, कीं एकाच दिवशीं आपणांस दाढदुखी, कन्यारत्न आणि हा प्रबंध अशा तीन गोष्टी लाभल्या, आणि त्यांतल्या प्रबंधानेंच झोंप उडविली. ओस्टवाल्ड आम्लांच्या रासायनिक जोराचें मापन करीत होते. तो जोर आणि आऱ्हेनियसची वाहकता हीं एकमेकांना धरून चालतात, हें त्यांच्या ध्यानांत आलें. ऑगस्ट १८८४ मध्यें ते स्वतः उप्सालाला गेले व त्याला रीगा येथें जागा देऊं केली. बाहेरचा प्रख्यात मनुष्य मागणी घालतो असें पाहिल्यावर उप्सालानेंही त्याला त्याच वर्षीं अध्यापक केलें. हा अनुभव आपल्याकडेही नवा नाहीं. पुढें प्रवासवृत्ति मिळाल्यावर आऱ्हेनियस कोलराउशकडेही जाऊन काम करून आला.

शंकेचें उत्तर मात्र वाहकतेच्या बाहेरून आलें. पाण्यांत कांहीं विरघळविलें, कीं तें शून्य अंशाखालीं गोठतें, आणि किती खालीं हें विरघळलेल्या कणांच्या संख्येवर अवलंबून असतें. साखरेच्या द्रावणांत हिशेब बरोबर जुळे. मिठाच्या द्रावणांत परिणाम जवळजवळ दुप्पट येई आणि कॅल्शियम क्लोराईडच्या द्रावणांत तिप्पटीच्या जवळ. हॉलंडच्या व्हांट हॉफला या जादा आंकड्याचें कारण सांगतां येत नव्हतें. आऱ्हेनियसनें १८८७ सालीं दाखविलें, कीं हाच आंकडा विजेच्या मोजणीवरूनही निघतो. टेलिफोनच्या शांततेनें आणि बर्फाच्या थर्मामीटरनें, एकमेकांना न विचारतां, एकच साक्ष दिली. आमटींत ज्वाळा कां नाहींत, याचेंही उत्तर त्यांतच आहे. सोडियमचा आयन म्हणजे सोडियमचा धातु नव्हे. विद्युद्भार घेतलेला कण आणि भाररहित अणु यांचे गुणधर्म सर्वस्वीं निराळे. १९०३ सालीं आऱ्हेनियसला रसायनाचें नोबेल पारितोषिक मिळालें. रसायनाच्या नोबेल समितीचे अध्यक्ष त्या वेळीं क्लेव्ह हेच होते.

पण विजयाची कथा येथें थांबविली, तर तो प्रामाणिकपणा होणार नाहीं. आऱ्हेनियसचें अनुमान ॲसेटिक आम्लासारख्या दुबळ्या द्रव्यांना चपखल बसलें. मीठ व पोटॅशियम क्लोराईड यांना तें बसेना. १२९ भागिले १५० या हिशेबानें दशांश द्रावणांत शेंकडा ८६ रेणु फुटलेले असावयास हवेत. पण ओस्टवाल्डनें १८८८ सालीं बसविलेलें गणित तेथें चुकूं लागलें. १९१३ सालीं ब्रॅग पितापुत्रांनीं क्ष-किरणांनीं मिठाचा स्फटिक तपासला, तों त्यांत रेणूच नाहींत. आयनच रचून ठेवलेले. मग पाण्यांत फुटावयाचें तें काय?

येथें आपल्या देशाचा एक मनुष्य पुढें येतो. कलकत्त्याचे ज्ञानचंद्र घोष यांनीं १९१८ सालीं असें मांडलें, कीं अशा क्षारांचे आयन द्रावणांत पूर्णपणें सुटेच असतात. विरुद्ध भारांच्या परस्पर आकर्षणामुळें त्यांच्या हालचालीला अडथळा होतो, म्हणून दाट द्रावणांत वाहकता घटते. पाण्यांतही आयन स्फटिकाप्रमाणें ओळींत मांडलेले असतात, असें त्यांनीं गृहीत धरलें होतें. तें टिकलें नाहीं. कोलराउशनें १९०० सालीं अनुभवानें काढलेला वर्गमुळाचा नियम त्या गृहीतांतून निघत नव्हता. तो डिबाय व ह्युकेल यांच्या १९२३ च्या आणि त्यानंतर ओन्सागरच्या सिद्धांतांतून निघाला. परंतु त्या वाटेवर टाकलेल्या आरंभींच्या पावलांपैकीं एक पाऊल कलकत्त्यांत पडलें, हें विसरूं नये. हेच घोष पुढें बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे व त्यानंतर खरगपूरच्या आय. आय. टी. चे संचालक झाले.

म्हणजे पाहा, १२९ या आंकड्याचा अर्थ दोनदां पालटला. आंकडा मात्र तोच राहिला, कारण तो घेतांना पाण्याला धक्का लागूं दिलेला नव्हता.

आतां आमच्या ओट्यावरील पेल्यांकडे येऊं. त्या तरुणाच्या डबींतून एकाच दिशेचा प्रवाह जात होता आणि एक कांडी लोखंडाची होती. नळाच्या पाण्यांत क्षार असल्यामुळें प्रवाह वाहिला, कांडीचें लोखंड विरघळलें, आणि त्याचाच तांबूस गाळ वर आला. तो रंग पाण्यांतला नव्हता, कांडींतला होता. बाटलींतील पाण्यांत क्षार नसल्यासारखेच, म्हणून प्रवाह गेला नाहीं व कांडी शाबूत राहिली. मीं सुनेला मिठाचा डबा मागितला आणि बाटलींतील पाण्यानें भरलेल्या नव्या पेल्यांत चिमूटभर मीठ टाकून त्याला पुन्हां बटण दाबावयास सांगितलें. दोन मिनिटांत तेंही पाणी तांबूस झालें.

तो तरुण कांहीं वेळ पेल्याकडे पाहत राहिला. लबाडी त्याच्या मनांत नसावी; त्याला जसें शिकविलें होतें, तसें त्यानें दाखविलें. मग त्यानें पिशवींतून दुसरें, पेनाएवढें मापक काढून नळाच्या पाण्यांत धरलें. हें मात्र कोलराउशच्या वंशांतलें. त्यांत प्रवाह उलटसुलट जातो, वाहकता मोजली जाते, आणि एका ठराविक गुणकानें गुणून ‘टी. डी. एस.’ म्हणून दाखविली जाते. आंकडा आला १८०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकांत लिटरमागें ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले पदार्थ चालतात, असें मीं सांगितलें, तेव्हां त्यानें तें आपल्या वहींत लिहून घेतलें.

“मग हें पाणी प्यायला हरकत नाहीं ना, बाबा?” सुनेनें विचारलें. मीं त्याच पेल्यांत चमचाभर साखर ढवळून मापक पुन्हां बुडविलें. आंकडा वाढला नाहीं. साखर त्या मापकाला दिसत नाहीं, तसे जंतूही दिसत नाहींत. त्यांच्याविषयीं तें हो म्हणत नाहीं आणि नाहींही म्हणत नाहीं. सुनेनें थोडा विचार केला, नातवाचा पेला मोरींत ओतला, आणि पातेलें भरून पाणी उकळावयास ठेवलें.